झाडून टाकलेला हत्ती

शमेल, तुझ्या मातीला हजार माणूस लोटलं होतं असं मी चार दिवस पानठेल्यावर सांगत सुटलो होतो. धानोऱ्याहून येणाऱ्या बसला रस्ता मिळेना, पोरं झाडावर चढून बघत होती, असंही. खरं म्हणजे एक्केचाळीस होते. मी मोजले. आयुष्यात पहिल्यांदा काही नीट मोजलं असेल तर ते. एकोणीस कडुलिंबाच्या या बाजूला, बावीस त्या बाजूला, आणि मधे तू. या बाजूला तुझी प्रार्थनेची मंडळी, त्या बाजूला गाव. मधली जागा एवढी की एक बैलबंडी आडवी निघाली असती. बैलबंडी कशाला म्हणू. एक हत्ती निघाला असता.

आज आठवा दिवस. ठेला बंद आहे. सकाळी रुतवहिनीनं भात पाठवला. मी नको म्हणून निरोप धाडला, तर स्वतः ताट घेऊन दारात आली. म्हणाली, "भाऊजी, तुमचा दोस्त मेला म्हणून तुम्ही मराचं नाई." तुझ्या घरचं ताट आलं आणि मी ते खाल्लं, शमेल.

लालसूवरची केस अजून चालू आहे. सोमवारी तारीख आहे. ज्या एका वाक्यानं ती केस मोडली असती ते वाक्य अजून माझ्या तोंडात आहे, सुपारीसारखं, या गालातून त्या गालात. म्हणून लिहायला बसलो. तुझे गुण गायला नाही. ते गायला तुझी मंडळी आहे, तिला आता आठवलेत.

आपण बरोबरीचे. एकाच बांधावर गुरं राखली, एकाच मोहाखाली पहिली बाटली रिकामी केली. पिण्यात तू माझा गुरू होतास, हे तुझ्या पास्टरला ठाऊक नसेल. मी एका रात्रीत घागर संपवली असं गावात सांगतो, ती घागर तुझी होती. मग तू गवंडीकामाला गडचांदूरला गेलास. सिमेंटच्या गावात सात वर्षं राहिलास आणि परतलास तेव्हा एका हातात थापी, दुसऱ्या हातात काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक, आणि श्यामराव मडावीचा शमेल झालेला. दारू सुटली होती. खोटं बोलणं सुटलं होतं. मी ठेल्यावर सांगितलं की याच्या डोक्यात सिमेंटची धूळ गेली, पाणी पडलं की घट्ट होते, आता हा कुठं वाकत नाही. लोक हसले. तूही हसलास. पण तू खरंच कुठं वाकेनास.

नाल्यावरच्या त्या पुलाचं काम आठव. ठेकेदार म्हणाला, सिमेंट नुसतं दाखवायला टाक. तू थापी धुतलीस, पुसलीस, पिशवीत घातलीस. "उद्या लोक विचारतीन, पूल कोणं बांधला? मी बांधला म्हणाचं असन तर पूल तर पाह्यजे ना साहेब." मी ही गोष्ट सांगतो तेव्हा ठेकेदार रडत तुझ्या पाया पडतो आणि तुला मोटरसायकल देतो. खरं तर त्यानं तुला हाकललं आणि पंधरा दिवस तुझ्या घरात नुसती आंबील शिजत होती. वहिनी तुझ्याशी बोलत नव्हती, आणि तू मला ठेल्यावर येऊन विचारत होतास, "गजा, मी चुकलो का?" मी म्हटलं, चुकलास. मला तेव्हाही तुझा राग यायचा. तुझ्याजवळ बसलं की माझी प्रत्येक गोष्ट मोजली जाते आहे असं वाटायचं. तू मोजत नव्हतास, मला माहीत आहे. तू फक्त ऐकून घ्यायचास आणि शेवटी म्हणायचास, "मस्त सांगतो लेका. आता खरं सांग."

आणि गावदेवीची पूजा. घरटी एक कोंबडा, एक बाटली, अशी आपली रीत. तू परत आल्यावरच्या पहिल्या वर्षी गावपाटील, लालसूचा बाप, तुझ्या दारात येऊन उभा राहिला. तू तांदळाचं पोतं पाठीवर घेऊन बाहेर आलास. "काका, जेवाले देतो. पुजेले नाई." म्हाताऱ्यानं पोत्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "देव तर तांदूळ पण खाते ना बे." तू म्हणालास, "मग त्याचं तो पाहून घेईन. मी माणसाइले देऊन राह्यलो." गाव म्हणालं बाटली काऊन नाही. तुझी मंडळी म्हणाली तांदूळ तरी काऊन दिलास. दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्यास, हात धुतलेस आणि पंगतीत वाढायला उभा राहिलास. त्या वेळी निभावलं. म्हातारा होता तोवर निभत राहिलं.

मग म्हातारा गेला आणि गावाचं ते मधलं मन पण गेलं. कुठल्या कुठल्या गावचे व्हिडिओ मोबाईलवर यायला लागले. इथं मंदिर पाडलं, तिथं चर्च जाळलं. आपल्या गावात मंदिर नव्हतं पाडण्यासारखं, चर्च नव्हतं जाळण्यासारखं. होता फक्त तुझ्या हातचा तो मांडव, खाली अर्धी विटेची भिंत, वर बांबू, वर टिनं. प्रार्थनाघर म्हणायचे त्याला. गावाबाहेर, तुझ्या मोहाच्या झाडाजवळ. बुधवारी हँडपंपावर भांडण झालं. कोणाची घागर आधी, एवढ्यावरून. लालसू तोंडानं फटकळ, बापासारखा थंड नाही. सगळ्या बायांसमोर म्हणाला, "तुमचा टिनाचा डबा एका लाथेत पाडतो." सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं.

शुक्रवारी पहाटे तो डबा पडला.

आता ते सांगतो जे फक्त तुला आणि मला माहीत होतं. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी. माझा ठेला पानाचा, पण पानावर कोण जगतं? मोहाची फुलं सडवायला ड्रम ठेवावे लागतात, आणि पोलीस येतात ते शेत बघतात, गोठा बघतात, नाला बघतात. प्रार्थनाघर कोणी बघत नाही. तिथं दारूच्या विरोधात दर रविवारी भाषण होतं. मी तुझ्याकडून किल्ली मागितली. म्हटलं, ताडपत्री ठेवायची आहे, घरात उंदीर आहेत. तू विचारलंही नाहीस. तुझ्या भिंतीमागं, चटयांच्या गठ्ठ्यापलीकडे, निळे चार ड्रम. सोमवारी ठेवायचे, शनिवारी काढायचे, रविवारी देव परत आपल्या जागी. तीन आठवडे असं चाललं. मला माझ्याच अकलेचं एवढं कौतुक वाटलं होतं की ही गोष्ट कोणाला सांगता येत नाही याचंच दुःख होतं.

त्या पहाटे तू टोपलं घेऊन पुढं, मी मागं. मोह वेचायला उशीर झाला की फुलं गुरं खातात. आधी टिनाचा आवाज आला. मग तुझ्या हातची ती भिंत आत बसली, म्हातारं माणूस खाटेवर बसतं तशी, दमानं. छत्तीसगडकडून हत्ती यायला लागलेत हे ऐकून होतो, पाहिला नव्हता. त्याचं डोकं आत होतं, आपल्याला दिसत होतं फक्त ढुंगण. एवढं मोठं आणि इतकं निवांत ढुंगण मी माणसात पण पाहिलेलं नाही. सोंडेनं त्यानं ड्रम कलंडवला आणि वास सुटला. तू वास ओळखलास. ओळखणारच, माझा गुरू तू. आणि शमेल, समोर हत्ती उभा असताना तू हत्तीकडे पाहिलं नाहीस. माझ्याकडे पाहिलंस.

"प्रार्थनेच्या जागी, गजा?"

एवढंच. शिवी दिली असतीस तर मी आज सुखी असतो.

बिडी ओढून व्हावी एवढ्या वेळात तो पिऊन निघाला. एक ड्रम पायाखाली फुटला. नाल्याच्या अंगानं गेला, हलत, डुलत, लग्नातून निघालेल्या मामासारखा. आणि मी कामाला लागलो. ड्रम दगड भरून डोहात बुडवले. लीद घमेल्यात भरून नाल्यात टाकली. पाणी आणून जमीन धुतली, वर शेण सारवलं. मग बांबूची फांदी घेऊन पाऊल न पाऊल झाडत नाल्यापर्यंत गेलो. तू मांडवामागं उभा होतास, जागचा हललाही नाहीस.

"गजा," तू म्हणालास, "तू हत्तीच झाडून टाकून राह्यला."

"मंग का करू? जेलात जाऊ?"

"मी सांगन, हत्ती आला होता."

"सांग ना. माझं नाव नको सांगू म्हणजे झालं. पाय काढ, तिथी झाडाचं आहे."

"नाई."

उजाडलं होतं, लोक यायला लागले, मी फांदी फेकली आणि माणसात मिसळलो. नंतर कळलं तू का हलला नव्हतास. तू एका पावलात उभा होतास. हत्तीच्या एका पावलात, दोन्ही पाय जोडून.

तुझ्या मंडळीनं पडलेलं प्रार्थनाघर पाहिलं आणि त्यांना बुधवारचा लालसू आठवला. ते खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. दिसलं ते त्यांनी सांगितलं. दिसायला हवं होतं ते मी झाडून टाकलं होतं. पास्टरनं तक्रार दिली; लालसू आणि त्याच्या दोन भावांना दुपारी उचललं. आणि तू आपल्या पायानं ठाण्यावर गेलास, मला घेऊन. साक्षीदार आपण दोघंच.

जमादारानं तुला विचारलं, "तू ख्रिश्चन ना? मग त्यायच्या बाजूनं काऊन बोलून राह्यला?"

"बाजूनं नाई साहेब. पाह्यलं ते बोलून राह्यलो. हत्ती होता."

"किती?"

"एक."

"रिकाम्या मांडवात का खाले आला तो? भजनाची पुस्तकं?"

तिथं तुला फक्त दोन शब्द म्हणायचे होते, शमेल. माहीत नाही. सगळं गाव, सगळी कचेरी, सगळा देश दिवसाला दहादा म्हणतो. तू म्हणालास, "माहीत आहे साहेब. सांगत नाई."

जमादारानं पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळला. आणि मी उभा राहिलो आणि सात हत्ती सांगितले. पुढच्याचे सुळे तहसीलच्या गेटाएवढे. मधल्यानं टिन सोंडेत धरून छत्रीसारखं डोक्यावर घेतलं. शेवटचा छोटा, तो क्रॉससमोर गुडघे टेकून बसला. शिपाई हसून लोळले. एक जण म्हणाला, "नावच गजानन, याले हत्तीच दिसन." तू माझ्याकडे बघत राहिलास आणि तुला वाटलं असेल, सवय आहे बिचाऱ्याची. सवय नव्हती. माझ्या धंद्याचं गुपित सांगतो तुला, जिवंतपणी नाही सांगितलं. एक हत्ती म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, काऊन आला? सात म्हटले की लोक हसतात. हसणारा माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही. तुझा एक खरा हत्ती मी माझ्या सात हत्तींखाली तुडवून मारला.

तू हरणारा नव्हतास. ज्या पावलात उभा होतास ते आधीच घमेल्यानं झाकून ठेवलं होतंस. संध्याकाळी त्यात सिमेंट ओतलंस. चार दिवसांनी लादी निघाली, परातीएवढी गोल, तळाला भेगांच्या रेषा, कडेला नखांच्या कमानी. सायकलच्या कॅरिअरला बांधून ठाण्यावर नेलीस. जमादार म्हणाला, "गवंडी माणूस आहेस. उद्या वाघाचा पंजा पाडून आणशीन." परत आणलीस आणि मागच्या मोरीत पालथी बसवलीस. वहिनी त्यावर कपडे धुवायला लागली. मी त्या दगडावर बसून तुझ्याकडे चहा प्यायलो आहे, शमेल. पावसाळाभर.

मग शहरातून जीप आली. झेंडूचा हार, मोबाईल, तीन-चार गोरेगोमटे लोक. सच्चा माणूस कुठं राहतो म्हणून विचारत तुझ्या दारात. त्यांनी तुला हार घातला आणि म्हणाले, आता व्हिडिओत सांगा, तुम्हाला तांदळाचं आमिष दाखवून ख्रिश्चन केलं. तू म्हणालास, "मले कोणं तांदूळ नाई दिला. उलटा मीच तिथी मूठ-मूठ देतो." ते म्हणाले, असं नका सांगू, थोडं जुळवून सांगा. तू हार काढलास, झटकलास आणि त्यांच्या हातात दिलास. "हे घ्या. दुसऱ्या गावात लागन." दुसऱ्या दिवशी गावात बातमी, शमेल फिरला, त्यानं पैसे खाल्ले. आणि तुझ्या मंडळीत बातमी, शमेलनं हार घालून घेतला.

पास्टर घरी आला. वाईट माणूस नव्हता तो, घाबरलेला होता. म्हणाला, "भाऊ, आपली नऊ घरं. तुमच्या एका शब्दानं आपण खोटे ठरतो. बयान मागं घ्या, तोवर उपासनेला येऊ नका." तू वाद घातला नाहीस. मंडळीनं प्लास्टिकचा नवा मांडव घातला होता. रविवारी तू त्याच्या कुडाबाहेर रस्त्यावर उभा राहून आतल्या गाण्यात गाणं म्हणायचास. आत नऊ घरं बेसूर आणि बाहेर तू एकटा त्याहून बेसूर. मी ठेल्यावरून बघायचो. पाऊस असला तरी. लोक म्हणायचे, याले दोन्ही घरी थारा नाही. मी पान लावायचो आणि हसायचो. मी हसलो, शमेल. तेही लिहून ठेवतो.

गावानं नऊ घरांना धानाच्या रोवणीला बोलावणं बंद केलं. लालसू महिनाभरानं जामिनावर सुटला. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीत, गाड्यांवर त्याला ड्रायव्हरची जागा मिळत होती, पोलिसांच्या कागदावर अडकली. माझ्या चार ड्रमांनी एवढी माणसं बुडवली आणि मी कोरडा.

आपलं भांडण मात्र आपण नीट भांडलो नाही. एकदाच, तुझ्या मोरीपाशी. मी तुला चिडवायला म्हटलं, "तू खोटं बोलत नाही म्हणतो. पण गप्प बसतो ते का आहे बे? तुझ्या त्या पुस्तकात पाह्य एकदा. लालसू तर तुझ्या गप्प बसण्यानं पण अडकला." मला वाटलं जिंकलो. तू उठून आत गेलास. तीन दिवस ठेल्यावर आला नाहीस. चौथ्या दिवशी आलास, डोळे सुजलेले.

"पाह्यलं," म्हणालास. "तू म्हणतो ते बरोबर आहे."

"का?"

"मी तुले वाचवून राह्यलो, असं समजत होतो. मी मले वाचवून राह्यलो. दोस्ताले पकडून दिलं असं कोणं म्हणू नये म्हणून." मग बराच वेळ सुपारीच्या डब्याशी चाळा केलास. "तू सांग, गजा. तुह्या तोंडून आलं तर तुह्यं पाप कमी होते, माह्यं पण. नाताळपर्यंत थांबतो. मंग मी सांगन. तुले सांगून सांगन, मागून नाई."

मी म्हटलं, नाताळ लांब आहे. आणि मनात हिशेब मांडला की तोवर याला समजावता येईल. रुतवहिनीला मधे घालता येईल. काहीतरी गोष्ट रचता येईल.

धान कापणीला तुला ताप आला. दोन दिवस तू ताप अंगावर काढलास, तिसऱ्या दिवशी ताप डोक्यात गेला. मोटरसायकलवर मी पुढं, तू मधे, वहिनी मागून तुला धरून. दुपारचं ऊन, आणि माझी पाठ तुझ्या कपाळानं भाजत होती. या गोष्टीत मी एक शब्द वाढवणार नाही. जंगलाच्या वळणावर तू बोललास. मला वाटलं बडबडतो आहेस.

"गजा, किती होते?"

"कोण?"

"हत्ती."

मागं वहिनी होती. वाऱ्यात तिला ऐकू गेलं नसेल. मी म्हटलं, "एक."

"हं," म्हणालास, आणि डोकं माझ्या पाठीवर टेकवलंस. मस्त सांगतो लेका, असं म्हणाला नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातच तू जीव सोडलास.

आणि आता ते, जे या सगळ्यात सर्वांत वाईट आहे. डॉक्टरनं मान हलवली तेव्हा वहिनी खाली बसली आणि माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. हलकं वाटलं. मला आधी वाटलं हेच दुःख. मग कळलं, नाही. मला नाताळ आठवला होता. आता नाताळला कोणी बोलणार नव्हतं. तुझा हात अजून गरम होता, शमेल, आणि मी सुटलो म्हणून खूश झालो होतो. बिडी पेटवून व्हावी एवढा वेळ. त्यापेक्षा जास्त नाही. पण तेवढा वेळ होता.

मातीच्या दिवशी दोन बाजू उभ्या होत्या. तुझी तिरडी उचलायला मंडळीतून पास्टर आला, गावातून मी, आणि चौघं पुरे होईनात. मग लालसू आला. त्याचा भाऊ त्याचा शर्ट ओढत होता, "तू काऊन जातो बे?" तो म्हणाला, "हाच एक माणूस खरं बोलला होता." कोणाला उद्देशून नाही. त्यानं खांदा दिला. खड्ड्यापाशी वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही बोला दोन शब्द. तुम्हाले बोलता येते." एक्केचाळीस माणसं माझ्याकडे बघत. लालसू समोर, पास्टर समोर, तू पायाशी. एवढी चांगली वेळ मला देवानं कधी दिली नव्हती आणि पुन्हा देणार नाही. मी तोंड उघडलं आणि तुझी आणि वाघाची गोष्ट सांगितली. तू वाघाला म्हणालास की मी खोटं बोलत नाही, मी कडू आहे, आणि वाघ निघून गेला. दोन्ही बाजू हसल्या. हसता हसता रडल्या. सगळ्यांनी मला सांगितलं, काय बोललास गज्या. आणि हसणाऱ्यांपैकी कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही.

इथवर सकाळी लिहिलं. आता संध्याकाळ होते आहे, परत बसलो.

दुपारी वहिनीचं ताट परत द्यायला गेलो. उष्टं कसं द्यायचं, म्हणून मागच्या मोरीत घासायला बसलो. तो दगड ओला होता. साबणाचा फेस कडेला जमलेला. मी पाणी मारलं, बोटं कडेखाली घातली आणि नखांची एक कमान हाताला लागली.

वहिनी दारात उभी होती. म्हणाली, "नेता का तो?"

"काऊन, वहिनी?"

"ते म्हणत, हा दगड न्याले गजा येईन एक दिवस. म्हणून त्यायनं बसवून पक्का नाई केला. नुसता ठेवला आहे." मग म्हणाली, "काऊन येईन ते नाई सांगितलं त्यायनं. मी विचारलं, तर म्हणे, माहीत आहे, सांगत नाई."

तिनं हे सांगताना हसू आवरलं नाही, आणि मग पदर तोंडाला लावला.

शमेल, तू मला नाताळपर्यंतचा वेळ दिलास असं मी समजत होतो. तू तर त्या लादीखाली सिमेंटही लावलं नव्हतंस. तू, गवंडी.

कॅरिअरला दोरी बांधली. ठाण्यापर्यंत सायकल हातानं ढकलत नेली, कारण लादी जड होती. ठेल्यासमोरून जाताना कोणीतरी ओरडलं, "गज्या, हत्ती कुठी घेऊन चालला?" मी सायकल पुढं ढकलली.

जमादार तोच. लादी पाहून आधी ओळखली, मग मला ओळखलं, मग खुर्चीत मागं टेकला. बाकीच्यांना हाक मारली, या रे, गजानन आला. तीन जण दारात येऊन उभे राहिले, हसायच्या तयारीनं.

"बोल गजानन. आज किती हत्ती?"

"एक."

"बस एकच? सहा मेले का?"

"सहा नव्हतेच साहेब. लिहून घ्या, एक."

दारातला एक जण हसला. बाकीचे हसले नाहीत. जमादारानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग त्या लादीकडे, आणि वही ओढून पेनाचं टोपण काढलं.

"आणि रिकाम्या मांडवात तो काऊन आला होता, ते माहीत आहे तुले?"

"माहीत आहे साहेब," मी म्हटलं. "सांगतो."